चोक कोणता लावायचा? आधी तबकडी किती मीटरवर फुटते ते सांगा

आमच्या घरात आजोबांची एक दुनळी आहे. बारा बोरची, दोन नळ्या शेजारी-शेजारी, दस्ता तेलाचे हात फिरून फिरून काळपट झालेला. आजोबांच्या पिढीला इंदूरजवळची रालामंडलची टेकडी म्हणजे होळकरांचं शिकारगृह म्हणून माहीत होती. आज तिथे अभयारण्य आहे आणि इंदूरकर रविवारी सकाळी पोहे खाऊन तिथे चालायला जातात. बंदूक तीच राहिली, तिचं काम मात्र बदललं. परवाना माझ्या नावावर झाल्यावर मी ठरवलं की आपण मातीच्या तबकड्या फोडायच्या, म्हणजे ट्रॅप (तबकडी तुमच्यापासून दूर पळते) आणि स्कीट (तबकड्या दोन बाजूंच्या घरांतून समोरून जातात).

पुढे एक जुनी ओव्हर-अंडर (एकावर एक नळ्यांची) घेतली, चोकच्या, म्हणजे नळीचं तोंड आवळणाऱ्या, पाच ट्यूबांसह. दुकानदाराने दोन्ही नळ्यांत सगळ्यांत आवळ ट्यूब बसवून दिली. "भिया, फुल चोक लगा दिया है, दूर तक मारेगी." मीही खूश. पहिल्याच रविवारी भोपाळच्या रेंजवर स्कीटच्या राउंडला उभा राहिलो आणि 25 पैकी 7 फोडल्या. ज्या सात फुटल्या त्यांचा अगदी धूर झाला. बाकीच्या अठरा माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

कोचने चोक बघितला, हसला आणि एकच प्रश्न विचारला, "बर्ड कितने मीटर पर तोड़ते हो?" बर्ड म्हणजे तबकडी. मला उत्तर देता आलं नाही. पुढे जे लिहितो आहे ते सगळं त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्याबद्दल आहे. चोकचे तक्ते नंतर बघू.

चोक करतो काय

नळीच्या तोंडाशी, शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये, नळी किंचित अरुंद केलेली असते. त्या आवळलेल्या भागाला चोक म्हणतात. बारा बोरच्या नळीचा आतला व्यास साधारण 18.5 मिलिमीटर असतो आणि फुल चोकमध्ये तो जेमतेम एक मिलिमीटरने कमी होतो. सगळा खेळ या एका मिलिमीटरचा. नळी चोक करण्याचं पेटंट 1866 साली न्यूकासलच्या पेप नावाच्या बंदूक बनवणाऱ्याने घेतलं. त्याआधीच्या नळ्या बहुतेक तोंडापर्यंत सरळच असायच्या.

रंगपंचमीला इंदुरात गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याच्या आसपासच्या गल्लीत उभं राहून बघा. गल्ली तोंडाशी अरुंद असेल तर कडेची माणसं आत ढकलली जातात, आणि चौकात आल्यावरही पाच-पन्नास पावलं तो घोळका एकत्रच चालत राहतो. गल्ली सरळ रुंद असेल तर चौकात पाऊल टाकताच माणसं पांगतात. काडतुसातल्या छर्ऱ्यांचंही तसंच. आवळ चोकमधून निघालेले छर्रे उशिरा पांगतात, मोकळ्या चोकमधून निघालेले लगेच.

यात "दूर तक मारेगी" कुठे बसतं? कुठेच नाही. छर्ऱ्याचा वेग दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो. 40 मीटरवर पोहोचलेला एक छर्रा फुल चोकमधून आला काय आणि मोकळ्या नळीतून आला काय, तबकडीला बसणारा त्याचा फटका तेवढाच. फरक पडतो तो तिथे एकमेकांजवळ किती छर्रे पोहोचले याचा. दुकानदाराला वाईट म्हणत नाही, त्याच्या आधीच्या तीन पिढ्यांनीही गिऱ्हाइकाला हेच सांगितलं असेल.

नावं आणि आकडे, एकदाच

सगळ्यांत मोकळा म्हणजे सिलिंडर, तिथे आवळणं शून्य. मग स्कीट, साधारण 0.13 मिलिमीटर. मग इम्प्रूव्ड सिलिंडर, ज्याला इंग्रजी पद्धतीत पाव चोक म्हणतात, 0.25 मिलिमीटर. मॉडिफाइड म्हणजे अर्धा, 0.5. इम्प्रूव्ड मॉडिफाइड म्हणजे पाऊण, 0.75. आणि फुल, 1 मिलिमीटरच्या आसपास. पाव-अर्धा-पाऊण-पूर्ण ही भाषा मला जास्त आवडते. आपल्याकडे दूधसुद्धा असंच मोजतात.

चोकची परीक्षा घ्यायची जुनी रीत अशी: 40 यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, 30 इंचांच्या (76 सेंटिमीटरच्या) वर्तुळात काडतुसातले किती टक्के छर्रे पडले ते मोजायचं. सिलिंडर सुमारे 40 टक्के, पाव 50, अर्धा 60, पाऊण 65, फुल 70. हे आकडे ढोबळ आहेत. काडतूस बदललं की पाच-दहा टक्के इकडेतिकडे सहज होतात.

इथे दोन ठिकाणी नवखे हमखास फसतात. पहिलं म्हणजे खाचा. बऱ्याच इटालियन ट्यूबांच्या कडेवर खाचा असतात. एक खाच म्हणजे फुल आणि पाच खाचा म्हणजे सिलिंडर. जास्त खाचा म्हणजे जास्त आवळ असं वाटतं, आहे नेमकं उलटं. कायम चोक असलेल्या नळ्यांवरच्या चांदण्यांचंही तेच गणित.

दुसरं म्हणजे नुसतं तोंड मोजणं. चोक म्हणजे नळीचा आतला व्यास आणि तोंडाचा व्यास यांतला फरक. नळी 18.5 आणि तोंड 18.0 असेल तर अर्धा चोक. पण नळी मुळातच 18.7 असेल तर तोंड 18.2 असूनही तो अर्धाच. त्यामुळे तोंडात नाणं घालून चोक ओळखणाऱ्या माणसाचं ऐकून घ्यावं आणि चहा पिऊन निघावं. परवानाधारक मिस्त्रीकडे आतून मोजायचं मापक असतं, पाच मिनिटांचं काम आहे.

पहिली पायरी: तुमचं अंतर

एखाद्या मित्राला मोबाइल घेऊन मागे, रेंज ऑफिसर सांगेल तिथे, उभं करा. तुम्ही "पुल" (तबकडी सोडायची हाक) म्हटल्यापासून तबकडी फुटेपर्यंतचा व्हिडिओ काढायचा. घरी येऊन तो हळू चालवून वेळ मोजायची. पंचवीसच्या दोन राउंडची सरासरी काढली की पुरे. या वेळेवरून अंतर कसं निघतं ते पुढे ट्रॅपमध्ये येईल. या एका आकड्याशिवाय चोक निवडणं म्हणजे पायाचं माप न सांगता जोडे मागवणं.

अंतराचा पांगण्याशी संबंध कसा असतो ते बघा. 18 मीटरवर फुल चोकचे छर्रे साधारण 40 सेंटिमीटरच्या गोलात असतात आणि सिलिंडरचे 80 सेंटिमीटरच्या. 27 मीटरवर फुल 65 ते 70 आणि सिलिंडर 110. साडेछत्तीस मीटरवर फुल एक मीटर आणि सिलिंडर जवळजवळ दीड मीटर. पहिली जोडी परत वाचा. 18 मीटरवर व्यास निम्मा म्हणजे क्षेत्रफळ चौथा हिस्सा. म्हणजे त्या दिवशी स्कीटमध्ये मी इतरांच्या चौथ्या हिश्शाएवढी जाळी टाकून मासे धरत होतो.

स्कीट

स्कीटमध्ये अंतराचा प्रश्न मैदानानेच सोडवलेला असतो. दोन घरं, एक उंच आणि एक बुटकं. आठ स्टेशनं. पहिल्या सात स्टेशनांपासून दोन्ही तबकड्यांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू 19.2 मीटरवर. जोडीतली दुसरी तबकडी उशिरा फुटली तर 22-25 मीटर. आठव्या स्टेशनवर तर ती अंगावरच येते, तिथलं अंतर फार तर 10-12 मीटर. कुठेही 40 मीटरचा संबंध नाही.

शिवाय स्कीटमध्ये बंदूक आधीपासून खांद्याला लावून उभं राहता येत नाही. दस्ता कमरेपाशी ठेवायचा. "पुल" म्हटल्यावर तबकडी लगेच येईल किंवा तीन सेकंदांपर्यंत थांबून येईल. ती दिसली की बंदूक वर. अशा घाईत नवख्याचा नेम हातभर चुकतो, आणि चुकणं यात काही लाज नाही. म्हणून दोन्ही नळ्यांत स्कीट चोक. नसेल तर सिलिंडर. पाव चोकही पहिले काही महिने चालेल, पण त्यापुढे एक खाचही जाऊ नका. छर्रे 9 नंबरचे, सुमारे 2 मिलिमीटरचे. 24 ग्रॅमच्या काडतुसात ते जवळपास पाचशे भरतात, त्यामुळे 80 सेंटिमीटरवर पसरूनही भोकं राहत नाहीत.

स्कीटबद्दल एवढंच. ट्रॅप मात्र एवढ्यात संपणारा विषय नाही.

ट्रॅप

ऑलिम्पिक ट्रॅपमध्ये तुम्ही उभे असता तिथून 15 मीटर पुढे जमिनीत एक खंदक असतो आणि त्यात 15 मशिनं. तबकडी तिथून निघते आणि तुमच्यापासून दूर पळते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी सरळ. कोणतं मशीन सुटणार ते तुम्हाला माहीत नसतं. सुटतानाचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला 28 मीटर. मोकळी सोडली तर ती 76 मीटरवर पडते.

आता व्हिडिओतली वेळ घ्या. सरावलेला नेमबाज पहिली गोळी 0.6 ते 0.7 सेकंदात झाडतो. तोवर तबकडी खंदकापासून 16-18 मीटर गेलेली असते, म्हणजे तुमच्यापासून 32-33 मीटर. नवखा माणूस तिला आधी नीट बघतो, मग तिच्याविषयी विचार करतो, मग घोडा ओढतो. सेकंद होऊन जातो. तोवर तबकडी 39-40 मीटरवर. आणि दुसरी नळी, कारण ट्रॅपच्या साध्या राउंडमध्ये प्रत्येक तबकडीला दोन गोळ्या मिळतात, 45 किंवा त्याहून पुढे.

म्हणजे नवख्याला अनुभवी माणसापेक्षा जास्त लांब मारावं लागतं. अंतराचा हिशेब सांगतो की चोक आवळा. पण नेम त्याचाच जास्त चुकतो, आणि तो हिशेब सांगतो की चोक मोकळा करा. दोन्ही हिशेब खरे आहेत, आणि ट्रॅपच्या चोकवरचे सगळे वाद इथूनच निघतात. रेंजवरच्या बाकावर दोन जुने नेमबाज बसवा आणि हा विषय काढा, तुमचा चहा फुकट.

थोडी आकडेमोड करू. तबकडीचा व्यास 11 सेंटिमीटर, उंची अडीच. ट्रॅपमध्ये ती पळताना तुम्हाला बहुतेक वेळा तिची कडाच दिसते. 11 गुणिले 2.5, म्हणजे पूर्ण आयत धरला तरी 27 चौरस सेंटिमीटर. साडेसात नंबरचे, 2.4 मिलिमीटरचे छर्रे 24 ग्रॅममध्ये साधारण तीनशे. साडेछत्तीस मीटरवर पाव चोकने त्यातले निम्मे, दीडशे, वर्तुळात आले. वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेचार हजार चौरस सेंटिमीटर. म्हणजे 30 चौरस सेंटिमीटरला एक छर्रा. तबकडीच्या वाट्याला सरासरी एकही पुरता येत नाही. फुलने 210 आले तर 21-22 चौरस सेंटिमीटरला एक. सरासरी म्हणजे कुठे तीन आणि कुठे शून्य, हे लक्षात ठेवा. तबकडी खात्रीने फुटायला दोन-तीन छर्रे लागतात. गोलाच्या मध्यभागी दाटी जास्त असते हे खरं, पण नवख्याची तबकडी मध्यभागी असतेच कुठे?

म्हणून पाव चोक ट्रॅपला नाही. तिथे नेम बरोबर असूनही तबकडी छर्ऱ्यांमधून निसटते, आणि आपण बिचाऱ्या नेमाला शिव्या देतो.

माझं मत असं. पहिले सहा महिने पहिल्या नळीला अर्धा आणि दुसऱ्या नळीला पाऊण. अर्धा अशासाठी की 35 मीटरच्या आसपास तो दाटीही देतो आणि चुकीला थोडी जागाही. वेळ 0.8 सेकंदाच्या आत आली आणि राउंडला 18-20 फुटायला लागल्या की पहिला पाऊण, दुसरा फुल. अनेक नामवंत ट्रॅप बंदुका कारखान्यातूनच पाऊण आणि फुल अशा कायम चोकच्या येतात. त्या वापरणारे लोक 0.6 सेकंदात मध्यावर मारतात. त्यांची बंदूक विकत मिळते, त्यांचे 0.6 सेकंद मात्र मिळत नाहीत.

काही कोच पहिल्या दिवसापासून पाऊण-फुल लावायला सांगतात. म्हणतात, आवळ चोक खोटं यश देत नाही, चूक लगेच दाखवतो. रोज 200 काडतुसं झाडणाऱ्या अकादमीतल्या मुलांसाठी हे ठीक. महिन्यातून दोन रविवार इंदूरहून जाणाऱ्या माणसाला मात्र थोडं फुटलेलं दिसायला हवं, नाहीतर तिसऱ्या महिन्यात बंदूक कपाटात जाते.

बाकीचे प्रकार

डबल ट्रॅपमध्ये दोन तबकड्या एकदम सुटायच्या. 2004 साली अथेन्सला मेजर राज्यवर्धनसिंह राठोड यांनी याच प्रकारात रौप्यपदक मिळवलं, स्वातंत्र्यानंतरचं भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक रौप्य. रिओनंतर हा प्रकार ऑलिम्पिकमधून गेला. कुठे खेळायला मिळालाच तर पहिली नळी अर्धा, दुसरी पाऊण.

स्पोर्टिंगमध्ये तबकड्या झाडांमधून, टेकडीवरून, जमिनीवर घरंगळत, कशाही येतात. तिथे माणसं प्रत्येक ठिकाणी ट्यूब बदलत बसतात. माझा सल्ला, पाव आणि अर्धा लावा आणि ट्यूबांची पेटी गाडीत ठेवा.

यूट्यूबवर चोकचे जे तक्ते दिसतात ते बहुतेक अमेरिका-इंग्लंडचे असतात: बदकाला हा, टर्कीला तो, तितराला अमुक. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते सगळं बंद आहे, त्यामुळे ते रकाने सोडून द्या. एक मात्र शिकण्यासारखं: तिथेही माणूस पाखरू बघून चोक ठरवत नाही, पाखरू किती अंतरावर उठतं ते बघून ठरवतो. शेतात नुकसान करणाऱ्या जनावरांचा प्रश्न वन विभागाच्या परवानगीचा आहे, त्यात हौशी माणसाने पडू नये.

दुसरी पायरी: कागदावर मारून बघा

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच दहांतले नऊ जण करत नाहीत. ट्यूबवर "मॉडिफाइड" लिहिलंय म्हणजे तुमच्या नळीत, तुमच्या काडतुसाने ती मॉडिफाइडसारखी वागेलच असं नाही. मला माझी पाऊण ट्यूब एका काडतुसाने फुलसारखी आणि दुसऱ्याने अर्ध्यासारखी चाललेली कागदावर दिसली आहे.

खजुरी बाजारातून खाकी कागदाचा रोल आणा. 120 सेंटिमीटरचे चौकोन कापा, लागल्यास दोन पट्ट्या चिकटवा. प्रत्येक चोकसाठी पाच तरी कागद हवेत, एका गोळीवरून काहीच कळत नाही. मध्यावर मुठीएवढा काळा ठिपका काढा. रेंज ऑफिसरची परवानगी घ्या आणि तो सांगेल त्याच जागी, मागे मातीचा बांध असेल तिथेच कागद लावा.

अंतर तुमचं. स्कीटसाठी 20 मीटर, ट्रॅपच्या पहिल्या नळीसाठी 35, दुसरीसाठी 42. पुस्तकातले साडेछत्तीस मीटर ट्यूबा एकमेकींशी ताडायला बरे, पण तुमची तबकडी तिथे फुटत नसेल तर तिथल्या आकड्याचं लोणचं घालायचं का? बंदूक नेहमीसारखी वर आणून मारायची, रायफलसारखी माशी लावून रेंगाळायचं नाही.

मारून झाल्यावर जिथे दाटी जास्त आहे तो मध्य धरून 76 सेंटिमीटरचं वर्तुळ काढा. दोरी आणि पेन्सिल पुरते. आता बघायच्या दोन गोष्टी.

एक, वर्तुळाचा मध्य ठिपक्यापासून किती सरकला. ट्रॅपच्या बंदुका मुद्दाम थोड्या वर मारणाऱ्या असतात, कारण तबकडी चढत असते. पण मध्य डावी-उजवीकडे वीतभर गेला असेल तर दोष चोकचा नाही. दस्ता तुमच्या खांद्या-गालाला बसत नाही. हे समजायच्या आधी मी दोन ट्यूबा विकत घेऊन बसलो होतो.

दोन, भोकं. पुठ्ठ्याची 11 बाय अडीच सेंटिमीटरची पट्टी कापा आणि वर्तुळात सगळीकडे सरकवत न्या. पट्टीखाली एकही छर्रा नाही अशा जागा किती सापडतात? ट्रॅपच्या पहिल्या नळीच्या कागदावर वर्तुळाच्या मधल्या अर्ध्या भागात अशी जागा वारंवार सापडली तर चोक एक पायरी आवळा. उलट छर्रे मधल्या ताटलीएवढ्या जागेत गच्च आणि कडेला विरळ असतील तर एक पायरी सोडा. स्कीटच्या कागदासाठी पट्टीऐवजी 11 सेंटिमीटरची चकती वापरली तरी चालेल, कारण तिथे तबकडीचं पोट किंवा पाठही दिसते.

प्रत्येक कागदावर तारीख, ट्यूब, काडतूस आणि अंतर लिहा. आता लक्षात राहील असं वाटतं, घरी पोहोचेपर्यंत काही राहत नाही.

काडतुसाचा गोंधळ

स्पर्धेत काडतुसात जास्तीत जास्त साडेचोवीस ग्रॅम छर्रे आणि छर्रा 2.6 मिलिमीटरपर्यंत चालतो. नंबर देशागणिक थोडे बदलतात, म्हणून डब्यावरचे मिलिमीटर वाचा. नंबर लहान तितका छर्रा मोठा. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत, पण त्यातली 4 किंवा 6 नंबरची घेऊन तबकडीचा चोक ठरवू नका. छर्रे मोठे, म्हणून संख्येने कमी, म्हणून कागदावर भोकंच भोकं. एसजी-एलजी, म्हणजे फार मोठ्या छर्ऱ्यांची काडतुसं, तर रेंजवर काढूच नका. एकच मोठी गोळी असलेलं काडतूस आवळ चोकमधून कधीही झाडू नये, नळी फाटू शकते.

छर्ऱ्यांभोवती प्लॅस्टिकची वाटी असलेलं काडतूस दाटी वाढवतं. नुसती फेल्टची गुडदी (दारू आणि छर्ऱ्यांमधली चकती) असेल तर ते साधारण एक पायरी मोकळं वागतं. म्हणून कागदावर ज्या काडतुसाने बघितलं, स्पर्धेतही तेच.

आजोबांच्या दुनळीसारखी बंदूक असेल तर

जुन्या साइड बाय साइडमध्ये बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी आवळ असते. पुढचा घोडा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. जुनी माणसं पाखरू जवळ असताना पुढचा आणि लांब गेलं की मागचा ओढायची. दुकानदाराने फुल म्हणून सांगितलेल्या आमच्या दुनळीची उजवी नळी मिस्त्रीने मोजली तेव्हा पाव निघाली, डावी पाऊण. म्हणजे फुल त्यात कुठे नव्हताच.

पण चोकच्या आधी चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बघा. अनेक जुन्या बंदुका 65 मिलिमीटर काडतुसाच्या असतात, त्यात 70 चं घालायचं नाही. ते आत बसतं, हाच त्यातला धोका. नळीवर दमास्कसची लहरी नक्षी दिसली तर ती बंदूक भिंतीवर शोभते, आधुनिक काडतूस तिच्यात घालू नका. आवळ चोक मिस्त्रीकडून आतून घासून मोकळा करता येतो, पण घासलेला धातू परत येत नाही, म्हणून आधी कागद आणि मगच मिस्त्री. आणि नळी कापून आखूड करायचं कुणी सुचवलं तर तिथून निघा: चोक शेवटच्या सात-आठ सेंटिमीटरमध्येच असतो, तो जाईल, वर शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे.

तिसरी पायरी: तबकडी काय सांगते ते ऐका

चोक लावल्यावर चार-पाच राउंड तरी तो बदलायचा नाही. दोन तबकड्या सुटल्या की पेटी उघडणारी माणसं मी बघितली आहेत, त्यांचा स्कोअर वर्षानुवर्षं तोच असतो.

फुटण्याकडे बघा. स्कीटमध्ये फुटली की धूर आणि नाहीतर पूर्ण कोरी, असं होत असेल तर चोक फार आवळ आहे, माझ्या त्या सातसारखा. ट्रॅपमध्ये तबकडीचे दोन मोठे तुकडे होतात किंवा नुसता कपचा उडतो, तोही नेम बरोबर वाटत असताना, तर चोक मोकळा आहे किंवा तुम्ही उशीर करता आहात. व्हिडिओ परत बघा. उशीर असेल तर आधी उशिरावर काम करा, ट्यूब स्वस्तातली गोष्ट आहे म्हणून तिच्याकडे धावू नका.

स्पर्धांकडे जायचं मनात असेल तर राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर एक मावळंकर स्पर्धा लागते. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या नावाची ही स्पर्धा आहे. जन्म बडोद्याचा, आणि 1951 साली राष्ट्रीय रायफल असोसिएशन उभी करण्यात पुढाकार त्यांचाच. रेंजवर सगळे नुसतं "मावलंकर कब है" विचारतात, तेव्हा आपण शेजारच्याला हे सांगावं. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला एवढा हक्क आहे.

ट्यूबांची निगा

ट्यूब काढताना-लावताना बंदूक उघडलेली आणि रिकामी, दोन्ही चेंबर डोळ्यांनी बघून. आट्यांना ग्रीसचा पातळ थर. हाताने फिरवून बसवायची, शेवटी चावीने हलकं आवळायचं, पान्याने कधीच नाही. ती सहज फिरत नसेल तर ती तुमच्या बंदुकीची नाही. एकाच कंपनीच्या दोन जातींच्या ट्यूबासुद्धा एकमेकींच्या जागी चालत नाहीत. ट्यूबशिवाय नळीतून गोळी झाडली तर आट्या जातात, आणि सैल ट्यूबने झाडली तर ट्यूबही आणि कदाचित नळीचं तोंडही. दर राउंडनंतर बंदूक उघडून, रिकामी करून, बोटाने ट्यूब चाचपून बघा. गोळीच्या धक्क्याने ती हळूहळू सुटते.

सुरुवातीला तीन जाती पुरेत: स्कीट दोन, अर्धा एक, पाऊण एक. बाहेर डोकावणाऱ्या लांब ट्यूबा बदलायला सोप्या पडतात, त्यापलीकडे नवख्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. फुल नंतर, वेळ कमी झाल्यावर.

आणि चावी बंदुकीच्या पेटीतच बांधून ठेवा. इंदूर ते भोपाळ 190 किलोमीटर आहे. एकदा मी पहाटे चारला निघून, साडेसातला रेंजवर पोहोचून, ट्रॅपच्या राउंडसाठी पेटी उघडली तर नळ्यांत आदल्या आठवड्याचे स्कीट चोक आणि चावी घरच्या टेबलावर. बायकोने फोनवर विचारलं, "दुसऱ्या कुणाची नाही का चालत?" नाही चालली.

त्या दिवशी 25 पैकी 8 फुटल्या, आणि आठही पहिल्या नळीने.